उडी प्रशिक्षकाची, बूट पालकांचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरांचे फलक लागले की पुण्या-मुंबईतल्या स्केटिंग रिंकवर नव्या मुलांची रांग लागते. हिवाळी ऑलिंपिकच्या वर्षी त्यात ‘टीव्हीवर दाखवतात ते गिरक्यांचे स्केटिंग शिकवाल का?’ असे विचारणाऱ्या पालकांची भर पडते. आपल्याकडे या प्रकाराची सुरुवात बहुधा चाकांवर होते. चार चाकांच्या क्वाड स्केट्सवरचे आर्टिस्टिक स्केटिंग आणि बर्फावरचे फिगर स्केटिंग ही सख्खी भावंडे आहेत. पृष्ठभाग बदलतो, पालकांचे काम फारसे बदलत नाही. ते काम नेमके कोणते, याबद्दल मात्र रिंकच्या कठड्यावर मोठा गोंधळ दिसतो. मोबाइलवर चित्रण करता करता ‘हात आत घे’, ‘अजून एकदा मार’ असे ओरडणे हे ते काम नव्हे. त्यासाठी प्रशिक्षकाला पैसे दिलेले असतात. ज्या गोष्टी प्रशिक्षक बघू शकत नाही, त्या बघायला घरात दुसरे कोणी नसते आणि नेमक्या त्याच राहून जातात.

पहिली गोष्ट बुटांची. वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवतात तसे आपण वाढत्या पायाचे स्केट्स घेतो. दोन नंबर मोठे, पुढे कापूस किंवा दोन जाड मोजे. सैल बुटात टाच उचलली जाते, घोटा आत कलतो आणि मूल पाय तिरपा ठेवूनच तोल सांभाळायला शिकते. ही सवय मोडायला पुढे दुप्पट वेळ जातो. नंबर लहान-मोठा करता येणारे प्लास्टिकचे स्केट्स हौसेपुरते ठीक आहेत. उडी आणि गिरकी शिकायला ते कामाचे नाहीत, कारण त्यांत पाय कुठेच घट्ट बसत नाही.

पाय संध्याकाळी मोजावा, दिवसभरात तो थोडा फुगलेला असतो. कागदावर दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन मुलाला उभे करा, पेन्सिल सरळ उभी धरून रेघ ओढा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. दोन पायांत फरक असेल तर मोठा पाय धरा. फिगर स्केटिंगच्या बुटाचा नंबर रोजच्या बुटापेक्षा बहुधा अर्ध्या ते दीड नंबराने लहान निघतो, त्यामुळे नेहमीचा नंबर सांगून बूट मागवू नयेत; कंपनीचा तक्ता बघावा. बूट आल्यावर आतला इनसोल बाहेर काढून त्यावर मुलाला उभे करावे. बोटांपुढे पाच-सहा मिलिमीटर जागा राहिली तर वाढत्या मुलासाठी ती पुरेशी. मग बूट नीट बांधून उभे करा. सरळ उभे राहिल्यावर बोटे टोकाच्या जवळ असावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत आणि टाच जागची हलू नये. मोजा पातळ आणि एकच.

दुसरी चूक याच्या उलटी आहे आणि ती बरी परिस्थिती असलेल्या घरांत दिसते. पंचवीस किलोच्या मुलीला दुप्पट-तिप्पट गिरक्यांच्या उड्यांसाठी बनवलेला ताठ बूट घेतात. ‘चांगला घेतला, टिकेल.’ टिकतो खरा, पण त्या वजनाला तो वाकतच नाही. घोटा वाकला नाही तर गुडघा वाकत नाही, आणि उतरतानाचा सगळा धक्का थेट कमरेत जातो. बुटाचा ताठपणा मुलाच्या वजनावर आणि आज येत असलेल्या उड्यांवर ठरतो, पुढच्या वर्षीच्या स्वप्नावर नाही. वापरलेला बूट घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त घोट्यापाशी खोल घडी पडलेली नसावी, सपाट जागी ठेवल्यावर बूट एका बाजूला कलू नये आणि ब्लेडला अजून धार लावण्याइतके पोलाद शिल्लक असावे.

लेस बांधणे ही क्षुल्लक बाब वाटते, पण निम्म्या तक्रारी तिथून येतात. बोटांपाशी लेस बेताची, घोट्याच्या वळणावर सर्वांत घट्ट, आणि वरच्या हुकांपाशी मागे एक बोट आत जाईल इतकी सैल. वरपर्यंत करकचून आवळली की नडगीच्या खाली शिरांवर दाब येतो, पुढचा भाग लाल होऊन दुखतो आणि गुडघा वाकवणे बंद होते. नवा बूट दहा मिनिटांत गरम होऊन सैलावतो, तेव्हा लेस पुन्हा ओढावी लागते. घोट्याचे हाड टोचत असेल तर त्या जागी खूण करून बूट आतून ताणून घेता येतो. कापूस कोंबणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि साधारण आठ-नऊ वर्षांनंतर लेस मुलानेच बांधावी. आईने कठड्यावर बसून बारा वर्षांच्या मुलाची लेस बांधणे बघवत नाही.

चाकांच्या स्केट्सची देखभाल घरी होते आणि तीही पालकांचीच. नट घट्ट आवळून मग पाव फेरा सैल केला की चाक मोकळे फिरते आणि डुगडुगत नाही. चाके आतल्या बाजूने लवकर झिजतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी आतली बाहेर आणि पुढची मागे अशी अदलाबदल करावी. खडबडीत सिमेंटवर मऊ चाके त्यातल्या त्यात बरी, पण ती लवकर खाल्ली जातात. छताखालच्या गुळगुळीत लाकडी किंवा फरशीच्या रिंकवर कडक चाके लागतात आणि फरशी फारच घसरडी असेल तर पुन्हा थोडी मऊ. बेअरिंगला खोबरेल तेल घालणारे बरेच जण आहेत. ते थंडीत थिजते आणि धूळ धरते. बेअरिंग पुसून, सुकवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. बोटांपुढचा रबरी ब्रेक, म्हणजे स्टॉपर, दर वेळी हाताने हलवून बघावा. सैल स्टॉपर उडीच्या क्षणी निसटला तर मूल तोंडावर आपटते. हलक्या मुलाच्या स्केटमधली, बुटाखाली वळण्यासाठी बसवलेली रबरे कडक असतील तर मूल कितीही कलले तरी स्केट वळत नाही. अशा वेळी ‘कड धरत नाही’ (एका बाजूला कलून वळत नाही) म्हणून त्याला बोलणी बसतात. आधी रबर बदलून बघा.

सरावाला जागा नाही ही तक्रार खरी आहे. पेव्हर ब्लॉकवर उड्या मारायला लावू नका, पण सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये एक फार जुना आणि फार उपयोगी सराव करता येतो. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वर्तुळे रेखण्याचा प्रकार १९९० नंतर गेला, चाकांवर तो अजून जिवंत आहे. ५ किंवा ६ मीटर व्यासाची एकमेकांना चिकटलेली वर्तुळे रंगवलेली असतात आणि खेळाडूने एका पायावर, ठरलेल्या कडेने, त्या रेघेवरून जायचे असते. छोट्या लूपचे, म्हणजे फाशासारख्या वळणाचे, वर्तुळ २.४ मीटरचे. अडीच किंवा तीन मीटरची सुतळी, एका टोकाला खडू, दुसरे टोक बाबांच्या बोटाखाली. पाच मिनिटांत वर्तुळ तयार. त्यानंतर बाबांनी बाजूला व्हावे. पाय रेघेवर आहे की नाही हे मुलाला स्वतःला दिसते, हेच या सरावाचे वैशिष्ट्य आहे. गाडीखालून वाकून जाण्याच्या आणि तासन्‌तास फेऱ्या मारण्याच्या विक्रमांची छायाचित्रे आपली वर्तमानपत्रे हौसेने छापतात. त्या विक्रमांतून कड, वळण किंवा उतरणे यांतले काहीही शिकून होत नाही. त्याऐवजी वर्तुळावर नीट टेकलेला एक पाय कधी छापून यावा, अशी या निमित्ताने विनंती.

आता शरीर. उडीनंतर एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार येतो आणि तो जवळजवळ नेहमी त्याच पायावर येतो. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या मुलाचा तो उजवा पाय. एका सत्रात पन्नास-साठ उड्या सहज होतात. म्हणून उड्यांची मोजदाद हवी, पण पालकांनी ‘किती जमल्या’ हे मोजण्याऐवजी ‘किती मारल्या’ हे वहीत लिहावे. आठवड्याचा आकडा अचानक दीडपट झाला की पुढच्या पंधरवड्यात गुडघ्याखालचे हाड, टाच किंवा पायाचा वरचा भाग दुखू लागतो. क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम असा की मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तबद्ध सराव नको. नऊ वर्षांच्या मुलीला आठवड्याचे नऊ तास. त्यात रिंक, व्यायाम आणि नृत्य सगळे आले. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.

दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर उंचीची खूण करावी. आपल्या घरांत ही पद्धत आहेच, फक्त तिचा उपयोग कोणी करत नाही. मुली साधारण अकरा ते तेराव्या वर्षी आणि मुलगे तेरा ते पंधराव्या वर्षी झपाट्याने वाढतात. महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वाढ दोन-तीन महिने दिसली की प्रशिक्षकाला आकडा सांगून उड्या कमी करून घ्याव्यात. हात-पाय लांबले की तेवढ्याच जोरात अंग पूर्वीइतके वेगाने फिरत नाही. काल जमणारी उडी आज अर्ध्यावर उतरते. मूल आळशी झालेले नसते, त्याचे माप बदललेले असते. नेमक्या याच काळात घरोघरी ‘लक्ष नाही तुझे’ सुरू होते आणि बरीच मुले स्केटिंग सोडतात. हे महिने कड, वळणे, संगीत आणि ताकदीच्या व्यायामाला द्यावेत.

कमरेचे दुखणे वेगळे काढून सांगतो. मागे वाकून घेतलेल्या गिरक्यांमुळे कमरेच्या शेवटच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. मागे वाकल्यावर, एका पायावर उभे राहून विशेषतः, कंबर दुखत असेल आणि ते दोन आठवड्यांत थांबत नसेल तर मलम चोळत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. वेळेत विश्रांती मिळाली तर तडा बहुधा भरून येतो. डोके आपटले तर त्या दिवशी पुन्हा रिंकवर नाही, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाले तरी. उलटी, गुंगी, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय. परतायचे ते डॉक्टरांच्या परवानगीने. नवशिक्याला हेल्मेट आणि मनगटाची पॅड्स हवीतच, आणि पडायला शिकवले आहे का हे पहिल्याच आठवड्यात विचारावे: गुडघे वाकवून, एका बाजूला कुल्ल्यावर, बर्फावर मुठी मिटून. पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचे ब्लेड जाऊ शकते.

खाण्याबाबत एवढेच की हा खेळ दिसण्याचाही आहे, त्यामुळे वजनावरून टोमणे मारणारे बाहेर पुष्कळ भेटतात. घरात तरी ते नकोत. सरावाआधी दोन-तीन तास पोळी-भाजी किंवा पोहे, पाऊण तास आधी केळे, नंतर अर्ध्या तासात दही-भात किंवा दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. नाचणी कॅल्शियमसाठी चांगली. शाकाहारी मुलींना लोह कमी पडते, आणि जेवणासोबतचा चहा जे मिळते तेही शोषू देत नाही. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन तीन महिने थांबली, तर ‘खेळाडूंचे असेच असते’ म्हणून सोडून देऊ नये. ते शरीराला अन्न पुरत नसल्याचे लक्षण असू शकते आणि पुढची हाडे मोडण्याची तयारीही तिथेच होते. प्रशिक्षक मुलीचे वजन सगळ्यांसमोर करत असेल तर त्याला नाही म्हणणे हे पालकांचेच काम. झोप सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, त्यापुढे आठ ते दहा. पहाटे पाचचा रिंक आणि रात्री अकराची शिकवणी यांपैकी एक काहीतरी सोडावे लागेल.

कठड्यावरच्या ‘अजून मोठी उडी’ या हट्टाला उत्तर गुणपत्रिकेतच आहे, पण ती कोणी वाचत नाही. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तिप्पट टो-लूपची (हवेत तीन गिरक्या घेण्याच्या एका उडीची) मूळ किंमत ४.२० गुण आणि दुप्पट टो-लूपची १.३०. गिरकी पाव फेऱ्याहून जास्त अपुरी राहिली तर नावापुढे बाणाच्या टोकासारखी खूण येते आणि किंमत ८० टक्के होते, म्हणजे ३.३६. शिवाय पडलात तर दर्जाचे गुण उणे पाच, म्हणजे मूळ किमतीच्या निम्मे वजा, उरले १.६८. पडल्याचा वेगळा एक गुण कापला की हाती ०.६८. स्वच्छ उतरलेली साधी दुप्पट उडी याच्या जवळपास दुप्पट गुण देते. चाकांवरच्या पद्धतीतले आकडे वेगळे आहेत, तर्क तोच. स्पर्धेनंतर ही पत्रिका घेऊन ठेवा, पण त्यावर बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, प्रशिक्षकासमोर. गाडीतून घरी जाताना ‘भूक लागली का?’ एवढेच विचारणे बरे.

मोठ्यांच्या घाईचे काय होते हे जगाने पाहिले आहे. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाची १५ वर्षांची फिगर स्केटर कामिला व्हालिएवा बंदी असलेल्या हृदयाच्या औषधाच्या प्रकरणात सापडली आणि पुढे चार वर्षांची बंदी भोगली तीही तिनेच. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने खुल्या गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने १७ करायचे ठरवले. आपल्या घरात याचा साधा अर्थ असा: सर्दीच्या गोळीपासून पावडरच्या डब्यापर्यंत मुलाला काय दिले ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना ‘मूल स्पर्धेत उतरते’ हे आधी सांगा. सर्दीच्या काही गोळ्यांमधल्या स्युडोएफेड्रिनवर स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे. दुसरे उदाहरण अमेरिकेच्या अलिसा लिऊचे. वडिलांच्या बारीक देखरेखीखाली घडलेली ही मुलगी २०२२मध्ये १६व्या वर्षी निवृत्त झाली, दोन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने, संगीत आणि पोशाख स्वतः ठरवण्याच्या बोलीवर परतली आणि २०२५मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. सोडू देणे हाही पाठिंब्याचाच प्रकार आहे, हे आपल्या पालकांच्या पचनी पडत नाही.

एक अप्रिय मुद्दा. जन्मतारीख एक-दोन वर्षांनी पुढची दाखवून मुलाला लहान गटात खेळवणारे पालक आपल्याकडे आहेत, आणि त्यांना साथ देणारेही. केंद्राची वयचोरीविरोधी संहिता २०१०पासून आहे, मनगटाच्या क्ष-किरणावरून हाडांचे वय काढता येते, आणि पकडले जाते ते मूल. शिवाय लहानांत जिंकायची सवय लागलेल्या मुलाला खऱ्या वयाच्या गटात गेल्यावर काहीच येत नसते. याच ओघात सुरक्षिततेचेही. प्रशिक्षकाचे मुलाला येणारे निरोप पालक असलेल्या गटातच यावेत, बंद दाराआड एकट्याचा सराव नसावा, बाहेरगावच्या स्पर्धेत मुलांच्या खोलीत प्रशिक्षकाची सोय नसावी. चांगला प्रशिक्षक या अटींनी दुखावत नाही. जो दुखावतो, त्याच्याकडे मूल का ठेवायचे?

शेवटी बर्फाबद्दल. इथून बर्फावर जायचे तर गुरुग्रामच्या मॉलमधला रिंक किंवा २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला डेहराडूनचा. सिमला आणि लेहला थंडीत नैसर्गिक बर्फ मिळतो. शनिवार-रविवारची फेरी वाया जाते, निदान आठवडा काढावा, कारण चाकांवरून आलेल्या मुलाचे पहिले दोन दिवस नुसते थांबायला शिकण्यात जातात. चाकांच्या स्केटवर पुढचा स्टॉपर टेकवून थांबता येते. ब्लेडचे पुढचे दात त्याच सवयीने टेकवले की मूल पुढे कोसळते. प्लास्टिकच्या कृत्रिम बर्फावर सराव झाला असेल तर धार गेलेलीच असते, ती आधी लावून घ्यावी. एरवी २० ते ४० तासांच्या सरावानंतर धार लागते. आइस हॉकीचे स्केट्स घासणाऱ्याकडे हे ब्लेड देताना सर्वांत खालच्या दाताला हात लावू नको असे बजावून सांगा. तो दात एकदा घासला गेला की ब्लेड कायमचे बिघडते. परत मिळाल्यावर ब्लेडवर आडवे नाणे ठेवून दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत का बघा. पिशवीत पातळ हातमोजे, जादा लेस, ब्लेडचे स्क्रू आवळायला पेचकस, कोरडे फडके. चालताना कडक प्लास्टिकचे गार्ड, ठेवताना कापडी. कडक गार्डमध्ये ओले ब्लेड रात्रभर राहिले तर सकाळी गंज दिसतो. गार्डशिवाय सिमेंटवर टाकलेली दोन पावलेही धार घालवतात. आणि बर्फावर उतरायच्या आधी मुलाला एकदा विचारा, गार्ड काढलेस का. ते विसरून दारातच आपटणारे अनुभवी खेळाडूही कमी नाहीत.

आपला,
एक स्केटिंग प्रशिक्षक, पुणे